पानथरी का वाढते? वस्तीतल्या कार्यकर्त्यांना माहीत असावे असे काही

पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात येतो. त्यात 'माइल्ड स्प्लिनोमेगाली' असे लिहिलेले असते आणि घरात कुणालाच त्याचा अर्थ कळत नाही. कुणी म्हणते गाठ आहे, कुणी म्हणते कॅन्सर, कुणी म्हणते लिव्हर सुजले. मग रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि "दादा, हे काय असते?" हा प्रश्न कार्यकर्त्यांकडे येतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत सोबत उभे राहणारे, रात्री अपरात्री रक्ताची पिशवी मिळवून देणारे तुम्हीच असता. म्हणून हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

स्प्लिनोमेगाली म्हणजे प्लीहा वाढणे. जुन्या मराठीत प्लीहेला पानथरी म्हणतात. विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे तिल्लीही म्हणतात. ज्यांनी विहारात सतिपट्ठान सुत्त ऐकले आहे त्यांच्या कानावरून तिचे पाली नावही गेलेले असते. शरीराच्या भागांची जी यादी तिथे येते, तिच्यात हृदय आणि यकृताच्या जवळच 'पिहकं' हा शब्द आहे. तीच ही पानथरी. अडीच हजार वर्षांपूर्वी ध्यानासाठी का होईना, जिचे नाव घेतले जात होते तो अवयव नेमका कुठे असतो, हे आज शिकलेल्या माणसालाही चटकन सांगता येत नाही.

ती असते पोटात डाव्या बाजूला, वर, बरगड्यांच्या आड, जठराच्या मागे. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५० ग्रॅम, आकार मुठीएवढा. तिची कामे समजली की ती का वाढते तेही आपोआप समजते. पहिले काम गाळणीचे. रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या, वाकड्या, खराब झालेल्या पेशी पानथरी अडवते आणि मोडीत काढते. दुसरे काम पहाऱ्याचे. रक्तात शिरलेले जंतू, विशेषतः न्यूमोनियाचे काही जंतू, ती पकडते. तिसरी गोष्ट अशी, की तिच्यातून निघालेले रक्त यकृताकडे जाते.

म्हणजे मोडीत काढायच्या पेशी फार झाल्या तर पानथरी वाढेल. जंतूंशी दीर्घकाळ झुंज चालली तर वाढेल. पुढे यकृताचा रस्ता तुंबला तर मागे रक्त साचून वाढेल. आणि चौथे, रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात नको त्या पेशी तिच्यात येऊन बसल्या तरी वाढेल. एवढी चार दारे लक्षात ठेवली तरी पुरे. वाढलेली पानथरी हा स्वतंत्र रोग नाही. दुसऱ्या कोणत्या तरी रोगाची ती खूण आहे. त्यामुळे 'पानथरी कमी करण्याचे औषध' म्हणून कुणी पुडी देत असेल तर त्याला पहिला प्रश्न विचारायचा: ती वाढली कशाने, ते आधी सांगा.

ताप, डास आणि तीस रुपये

भारतात पानथरी वाढण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत पसरलेले कारण म्हणजे मलेरिया, आपला हिवताप. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरतो, पेशी खराब होते, पानथरी ती अडवते. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा ताप येत राहिला तर पानथरी बेंबीपर्यंतही येऊ शकते. हे इतके ठरलेले होते, की १८४० च्या दशकात उत्तर भारतात यमुनेच्या कालव्यांलगतच्या गावांत डॉ. डेम्पस्टर यांनी लोकांची पोटे चाचपून पाहिली आणि किती जणांची पानथरी हाताला लागते यावरून त्या गावात हिवताप किती, हे ठरवले. तेव्हा ना मलेरियाचा परजीवी सापडला होता, ना डासांचा दोष कळला होता. पुढे शंभर वर्षे जगभर मलेरिया मोजायची हीच पद्धत होती.

या वाढलेल्या पानथरीचा एक इतिहास न्यायालयातलाही आहे आणि तो आपल्या वाचकांना माहीत असावा. वाढलेली पानथरी नाजूक असते, पोटावर फटका बसला तर फुटते आणि आत रक्तस्राव होऊन माणूस दगावतो. ब्रिटिश काळात साहेबाने नोकराला लाथाबुक्क्यांनी मारले आणि नोकर मेला, की बचाव तयार असे: याची पानथरीच वाढलेली होती, साध्या फटक्याने फुटली, त्याला आम्ही काय करणार? आग्र्याचे फुलर प्रकरण प्रसिद्ध आहे. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने कटवारू या आपल्या मोतद्दाराला मारले, पानथरी फुटून कटवारू मेला, आणि मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तीस रुपये दंड. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली, तेव्हा भारतातल्या गोऱ्या समाजाने लिटन यांच्यावरच आगपाखड केली. गरिबाच्या अंगातला आजारच त्याच्या मृत्यूचा गुन्हेगार ठरवायचा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

आज महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. जंगलपट्ट्यात काम करणाऱ्या, तेंदूपत्ता तोडायला किंवा रस्त्याच्या कामावर गेलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी तपासणी झाली पाहिजे. आशाताईकडे किट असते, बोटातून थेंबभर रक्त लागते, औषध मोफत आहे. गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण करायचा. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यात सोडल्या, की काही प्रकारच्या मलेरियात तो पुन्हा डोके वर काढतो. टायफॉइडमध्येही पानथरी थोडी वाढते, क्षयरोगात वाढू शकते. बिहार-झारखंडकडच्या काही भागांत काळा आजार नावाचा रोग आहे. त्यात ती प्रचंड वाढते. तिकडून आलेल्या मजुराचा ताप कित्येक आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना तो कुठून आला आहे ते आवर्जून सांगावे.

आपल्या घरातले कारण

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या कारणाकडे येतो. विदर्भातल्या बौद्ध वस्तीत एखाद्या लहान मुलाची पानथरी वाढलेली आहे, रक्त कमी आहे, डोळे अधूनमधून पिवळे दिसतात, हातपाय दुखतात, तर सर्वांत आधी ज्याची तपासणी झाली पाहिजे तो आजार म्हणजे सिकलसेल. आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा सर्वांत शेवटी तपासणी होते ती त्याचीच.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा आजार. हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेत एका जागी बदल झालेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की असे हिमोग्लोबिन असलेली लाल पेशी गोल राहत नाही, विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून हाडे ठणकतात. ती १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. आणि या सगळ्या वाकड्या पेशी जाऊन अडकतात कुठे? गाळणीत. बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले, जन्मासोबत आलेले बाळपणीचे हिमोग्लोबिन कमी होऊ लागले, की हे सुरू होते.

आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये पानथरी काही वर्षांत आतल्या आत जखमा होऊन आक्रसते; पाच-सहा वर्षांच्या मुलात ती अनेकदा निकामी झालेली असते. आपल्याकडे सिकलसेलचा जो जनुकीय प्रकार आहे त्यात बाळपणीचे हिमोग्लोबिन जास्त टिकते, आणि पानथरी मोठेपणीही वाढलेलीच सापडू शकते. परदेशी पुस्तक वाचून 'या वयात सिकलसेलच्या रुग्णाची पानथरी वाढलेली नसते' असे म्हणून कुणी सिकलसेलची शक्यता बाजूला ठेवत असेल, तर ते इथे चालत नाही. पानथरी मोठी दिसते म्हणजे काम करते असेही नाही. ती मोठी असूनही पहारा देण्यात कमी पडते, आणि म्हणून अशा मुलाचा साधा ताप साधा मानायचा नसतो.

या आजारात पानथरी अचानक जीवघेणी होते ती वेगळ्या प्रकारे. काही तासांत शरीरातले बरेचसे रक्त पानथरीत जाऊन अडकते. सकाळी खेळणारे मूल दुपारी मलूल पडते, ओठ-तळवे पांढरेफटक होतात, पोट डाव्या बाजूला टणक आणि फुगलेले लागते, श्वास वाढतो. वेळेत रक्त चढवले नाही तर मूल हातचे जाते. बहुतेक वेळा हे पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होते, आणि एकदा झाले की पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो.

जमैका या छोट्या देशात यावर एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल असलेल्या बाळांच्या आईवडिलांना पानथरी चाचपायला शिकवले. रोज पाहा, वाढलेली वाटली की तडक दवाखान्यात या, एवढेच. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: या कारणाने होणारे मृत्यू जवळपास नव्वद टक्क्यांनी कमी झाले. कुठलेही नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. आईच्या बोटांनी ते काम केले. आमच्या मते विहारातल्या महिला मंडळाने हाती घ्यावे असे याहून चांगले काम सापडणार नाही.

पद्धत अशी. बाळाला पाठीवर झोपवा, गुडघे थोडे दुमडा, ते रडत नसताना पाहा. बोटे सपाट ठेवून बेंबीपासून हलकेच डाव्या बरगडीच्या दिशेने वर सरकत जा. जोर देऊन दाबायचे नाही. पानथरी वाढलेली असेल तर बाळाने श्वास घेतला की बोटांना एक गोलसर कडा टेकते. बरगडीच्या खाली ती किती बोटे आली आहे हे वहीत लिहून ठेवा. डॉक्टर किंवा नर्सताईंकडून पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या; मग रोज अंघोळीच्या वेळी अर्धा मिनिट लागतो. कालपर्यंत एक बोट होती ती आज तीन बोटे झाली आणि मूल फिकट दिसते, तर उद्याची वाट पाहायची नाही.

रक्त कमी आहे, मग लोहाच्या गोळ्या द्या

वस्तीत नेहमी दिसणारा प्रकार असा. मूल फिकट आहे, म्हणून लोहाचे औषध. तीन महिन्यांनी पुन्हा फिकट, पुन्हा लोहाचे औषध. डोळे पिवळे झाले की कावीळ समजून गावातल्या माणसाकडे जडीबुटी. पोट मोठे दिसले की जंताचे औषध. अशी चार-पाच वर्षे जातात. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते लोह कमी पडल्याने नाही, पेशी लवकर मोडल्याने. लोहाची कमतरता सोबत असू शकते, म्हणून चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. पण दोन-तीन महिने औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पुढची तपासणी मागायचा आपल्याला हक्क आहे.

मेळघाटातून वर्षाआड एक बातमी येते. बाळाचे पोट फुगले म्हणून भूमकाकडे नेले आणि त्याने तापलेल्या सळईने पोटावर डागण्या दिल्या. तिकडे याला 'डंबा' म्हणतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुन्हेही नोंदले जातात. पण आपण ही बातमी वाचून 'अंधश्रद्धा' एवढे म्हणून पुढे जातो, तेव्हा एक गोष्ट सुटते. त्या बाळाचे पोट का फुगले होते? मलेरिया होता, कुपोषण होते, की सिकलसेल? ते पाहणारा डॉक्टर किती किलोमीटरवर होता? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही काविळीचा मंत्र आणि गळ्यातला दोरा पूर्ण संपलेला नाही, हे आपण जाणतो. त्या दोऱ्याची जागा तपासणीनेच भरून निघते, नुसत्या भाषणाने नाही.

तपासणीबद्दल एक बारकावा. गावपातळीवर आधी होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती 'पॉझिटिव्ह' आली तर एवढेच कळते की सिकलचे हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. पहिल्या चाचणीवरच 'तुला सिकलसेल आहे' असे सांगून मोकळे झालेले आणि नंतर अनेक वर्षे घाबरून जगणारे लोक आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. पहिला कागद घेऊन थांबू नका.

वाहक म्हणजे ज्याच्याकडे एकाच पालकाकडून सिकलचे जनुक आले आहे. वाहक रुग्ण नसतो. तो शेती करतो, पोलीस भरतीला धावतो, बाळंतपण नेहमीसारखे होते. त्याची पानथरी वाढत नाही. वाढली असेल तर दुसरे कारण शोधावे. एकच अपवाद सांगून ठेवतो: फार उंच पर्वतावर, जिथे हवा विरळ असते, तिथे क्वचित वाहकाच्याही पानथरीला इजा होते. लष्करात असलेल्या किंवा लडाखला फिरायला निघालेल्या वाहकाला डाव्या बरगडीखाली एकदम जोरात दुखू लागले तर त्याने आपण वाहक असल्याचे तिथल्या डॉक्टरांना सांगावे.

रुग्णांसाठी उपचार आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीत नियमित घ्याव्या लागतात. फॉलिक ॲसिड रोज. लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस, जी आता सरकारी लसीकरणात सर्वच बाळांना मोफत मिळते. पानथरीत रक्त अडकण्याचा प्रकार वारंवार झाला, किंवा पानथरी इतकी मोठी झाली की चांगल्या पेशीही ती खाऊ लागली, तर शस्त्रक्रियेने ती काढावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी शक्यतो दोन आठवडे आधी ठरावीक लसी घ्याव्याच लागतात. आणि नंतर आयुष्यभर एक नियम: ताप आला की थांबायचे नाही. पहारेकरी गेलेला असतो. ज्या मुलाची पानथरी मोठी आहे त्याने कबड्डी, कुस्ती यांसारखे पोटाला मार लागणारे खेळ टाळावेत, आणि शाळेत शिक्षकांना हे लेखी कळवावे.

हा 'आमचा' रोग कसा झाला?

नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकल वाहकांविषयी लिहिले. तेव्हापासून विदर्भात या आजाराला एक जात चिकटली. दवाखान्यात नाव-आडनाव पाहून 'तुमच्यात असतोच हा रोग' असे म्हणणारे आजही भेटतात. हे शास्त्रही नाही आणि सभ्यताही नाही.

शास्त्र असे सांगते. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले, की सिकलचे एकच जनुक असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे जिथे हजारो वर्षे मलेरिया होता तिथे वाहक जगले, वाढले आणि जनुक टिकले. आफ्रिका, सौदी अरेबिया, ग्रीस, सिसिली, आणि भारतात मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात, निलगिरी, विदर्भ, नंदुरबार. हा जंगलाच्या, पाणथळ जमिनीच्या, डासांच्या प्रदेशाचा इतिहास आहे. गोंड, माडिया, परधान, कोरकू यांच्यात तो आहे, आपल्यात आहे, आणि कुणबी, तेली समाजांतही वाहक सापडतात. ज्या पूर्वजांना मलेरियाने मारता आले नाही त्यांची ही खूण आहे. लाजण्यासारखे त्यात काय?

मग हे जनुक काही समाजांतच दाटून का राहिले? इथे बाबासाहेबांकडे वळावे लागते. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला आणि त्यात जातीचे मूळ लक्षण म्हणून आपल्याच जातीत लग्न करण्याच्या बंधनावर बोट ठेवले. ते समाजशास्त्र सांगत होते. पण रक्तातल्या जनुकालाही हे बंधन तितकेच लागू होते. गणित करून पाहा. समजा, एका गटात पाचातला एक जण वाहक आहे. त्याच गटात लग्ने होत राहिली तर पंचवीस जोडप्यांत एक जोडपे असे असेल की दोघेही वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, आणि पूर्ण मोकळे असण्याची २५. आता तीच मुले-मुली वीसात एक वाहक असलेल्या गटात लग्न करू लागली, तर दोघे वाहक असलेले जोडपे शंभरात एक. औषध न घेता धोका चौपट कमी. जातिनिर्मूलनाची बाजू घ्यायला एवढेच कारण आहे असे नव्हे. पण हेही एक कारण आहे.

आणि आपण काय करतो? दीक्षेला सात दशके होत आली तरी पूर्व विदर्भात स्थळ पाहताना लाडवण, बावणे, कोसरे असे विचारणारे वडीलधारे आहेत. धम्म एक, विहार एक, पण सोयरीक पोटजातीत. यावर पुष्कळ बोलून झाले आहे. पोटजात जितकी लहान, तितके दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता अधिक, हे मात्र क्वचितच कुणी सांगते.

इतर कारणेही विसरू नका

सिकलसेलवर भर दिला म्हणून प्रत्येक वाढलेली पानथरी सिकलसेलची नसते. थॅलेसेमियातही ती वाढते, आणि एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया असा मिश्र आजारही विदर्भात आढळतो. म्हणून आईवडिलांपैकी एकाचाच सिकलचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही मूल आजारी असू शकते.

मोठ्या माणसांत यकृताचे कारण फार दिसते. दारूने यकृत आक्रसले, किंवा हिपॅटायटिस बी-सीने खराब झाले, की त्यातून जाणारा रक्ताचा रस्ता तुंबतो आणि पानथरी फुगते. पोटात पाणी होते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या की रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच होते. तेव्हा थेट मोठे रुग्णालय गाठायचे. मोहाची असो की देशी, दारूने किती घरे बसवली हे वस्तीला सांगायला नको. दारू कधीच न पिणाऱ्यालाही हिपॅटायटिस होऊ शकतो. बी ची लस आहे, सी गोळ्यांनी बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात तपासणी-औषध मोफत आहे.

तिशी-चाळिशीत डाव्या बाजूला जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे, वजन उतरणे, रात्री घाम, असे असेल तर साधी सीबीसी तपासणी आधी करावी. पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या निघाल्या तर तो रक्ताचा एक प्रकारचा कर्करोग असू शकतो. त्या प्रकारावर रोज घ्यायची गोळी आहे आणि ती घेत माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करतात. 'ब्लड कॅन्सर' ऐकून उपचार सोडून घरी येणे, हे त्या आजारापेक्षा घातक ठरते.

वधू-वर मेळाव्याचा अर्ज

नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून या रुग्णांसाठी आवाज उठवला. २०१८ मध्ये त्यांच्या कामाला पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, त्यामुळे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वारंवार रक्त लागणाऱ्या सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून मोफत रक्त मिळते, एसटीच्या प्रवासात सवलत आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम सरकारची असली तरी शिबिराला माणसे आणायचे काम वस्तीतल्या मुलांनाच करावे लागणार.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मंडपात प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधी बोलून सिकलसेल तपासणीचे टेबल लावता येते. पण सर्वांत नेमकी जागा आम्हाला दिसते ती वधू-वर परिचय मेळाव्याची. आपण पत्रिका जुळवत नाही, गुण मोजत नाही. मग अर्जात शिक्षण, नोकरी, उंची यांच्यासोबत 'सिकलसेल तपासणी केली आहे का' हा रकाना का असू नये? फक्त एक काळजी घ्यावी लागेल. रिपोर्ट स्टेजवरून वाचायचा नाही, पुस्तिकेत छापायचा नाही. तो दोन कुटुंबांनी एकमेकांना दाखवायचा. नाहीतर मुलाचा रिपोर्ट कपाटात राहील आणि मुलीचा गावभर होईल. वाहक मुलीला वाहक नसलेला जोडीदार मिळाला तर त्यांच्या बाळांना सिकलसेलचा आजार होणार नाही. एवढे एक वाक्य स्वागतकक्षात बसलेल्या स्वयंसेवकाला नीट सांगता आले पाहिजे. ज्या दोन वाहकांनी एकमेकांना पसंत केलेच आहे, त्यांना हिणवायचे नाही. गरोदरपणात दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची तपासणी होऊ शकते, त्यासाठी दिवस राहिल्याबरोबर मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना भेटायचे, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा.

लग्न आधीच झाले असेल आणि घरात बाळ असेल, तर सुरुवात बाळापासून करा. त्याचा रिपोर्ट आला की आईवडिलांची तपासणी, मग भावंडांची, मग काका-मावशीच्या मुलांची. एका पानथरीमुळे सापडलेल्या एका रुग्णामागे अख्ख्या नातेवाइकांची यादी असते. ती वहीत उतरवून आशाताईंच्या हातात द्यायची.